दोन चंदेरी झाकणे

दाढ काढून दोन दिवस रजेवर राहिलेल्या मास्तरीणबाई तिसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या फाटकाशी आल्या, तेव्हा त्यांचा उजवा गाल टम्म फुगलेला होता आणि तोंडात कापसाचा बोळा होता. आणखी एक दिवस घरी राहा आणि बोलणे शक्यतो टाळा, असे दंतवैद्याने बजावले होते. घरी राहणे शक्य नव्हते, कारण आज ॲसिडचा टँकर यायचा होता. बोलणे टाळणे तर त्याहून अशक्य होते. या कारखान्यातले एकही काम बाईंनी दहा वेळा सांगितल्याशिवाय नीट झाल्याचे गेल्या एकोणीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते.

रखवालदाराने खुर्चीतून न उठताच चौकशी केली.

"काय बाई, अक्कलदाढ काढली म्हणे?"

"हं."

"चला, म्हणजे आता आम्हाला अक्कल शिकवणं थांबेल."

त्याच्या कपाळावर चढवलेला चष्मा बाईंनी न विचारता काढून घेतला. तो रसायनांच्या कोठीतला होता, ॲसिड हाताळताना डोळ्यांवर लावायचा. त्यांच्या दोन दिवसांच्या रजेत तो रखवालदाराच्या स्कूटरवर धूळ अडवण्याच्या कामी लागला होता.

बाई शाळेत कधीच शिकवत नव्हत्या. कापड धुऊन, शुभ्र करून, रंगवून देणाऱ्या त्या कारखान्यात त्या रसायनांची कोठी सांभाळत. मास्तरीण हे नाव कामगारांनी दिले होते, कारण बाई पोक्त माणसांकडून मोठ्याने वाचून घेत. कोठीतून पिंप बाहेर काढताना त्यावरची चिठ्ठी वाचायची. ज्यात ओतायचे त्या भांड्यावरची चिठ्ठी वाचायची. मग दोन्ही नावे मिळून एकदा म्हणायची आणि तेव्हाच पंपाला हात लावायचा. वीस वर्षे नोकरी झालेल्या माणसालाही यातून सुटका नव्हती. "अहो, मला पाठ आहे!" असे कोणी म्हणाले की बाईंचा ठरलेला जबाब येई, "पाठ आहे म्हणूनच वाच."

यामागे त्यांच्या डाव्या मनगटावरचा एक पांढरा, सुरकुतलेला डाग होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका पिंपाची चिठ्ठी ओली होऊन गळून पडली होती. हा सोड्याचाच, रोज इथेच असतो, असे म्हणून त्यांनी त्यात पंप बुडवला. पंपाला आधीच्या ॲसिडचे थेंब होते. पिंप सोड्याचाच निघाला, पण पंप धुतलेला नव्हता; वाचायला क्षणभर थांबल्या असत्या तर ते दिसले असते. फसफसून उडालेला शिंतोडा डोळ्यांऐवजी मनगटावर पडला, एवढेच नशीब. बाईंनी ती गोष्ट कोणालाही सांगितली नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बाई तेव्हापासून पाणीसुद्धा चिठ्ठी वाचून पीत. घरी त्यांनी साखर, मीठ, सोडा अशा सगळ्या बरण्यांवर नावे डकवली होती. कोणी पाहुणे येणार असले की सून ती नखाने खरवडून काढी, आणि पाहुणे गेले की बाई पुन्हा डकवीत. या विषयावर त्या घरात कधी भांडण झाले नव्हते. दोघीही आपापले काम निमूटपणे करीत.

कोठीचे कुलूप काढून बाई मागच्या अंगणात आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

अंगण झगमगत होते. पाइप, खांब, जाळ्या, जिन्याचे कठडे, सगळ्यांवर एकच चंदेरी रंग चढला होता. दुपारी तीनला मोठ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसे कारखाना पाहायला येणार होती, हे बाईंना ठाऊक होते. त्यासाठी रंगकाम होणार असेल, हे मात्र रजेवर जाताना त्यांना कोणी सांगितले नव्हते. सांगितले असते तर त्यांनी दाढ तशीच ठेवली असती.

भिंतीतल्या लोखंडी जाळीच्या दाराआड टँकरची नळी जोडायची दोन तोंडे होती, कमरेच्या उंचीवर, शेजारी शेजारी, हातभर अंतरावर. एका तोंडातून ॲसिड आपल्या टाकीत जाई. दुसऱ्यातून कापड शुभ्र करणारे द्रव, ज्याला सगळे हायपो म्हणत, ते आपल्या टाकीत जाई. दोन्ही तोंडांचे माप एकच असल्याने कोणतीही नळी कुठेही बसे. मापे वेगळी करा, म्हणजे चुकीची नळी बसणारच नाही, असा अर्ज बाईंनी पाच वेळा केला होता आणि पाचही वेळा तो विचाराधीन झाला होता. तोपर्यंत त्यांनी स्वतः ॲसिडच्या तोंडाला लाल झाकण आणि हायपोच्या तोंडाला पिवळे झाकण बसवून घेतले होते, वर ठसठशीत अक्षरांत नावे लिहिली होती.

आता जाळीआड दोन चंदेरी झाकणे होती. नावे रंगाखाली गेली होती. बाईंनी एका झाकणावरून नख फिरवले. रंग चिवट होता आणि खालून फक्त पत्र्याचा पांढरेपणा दिसला. रंगाऱ्याने काम मन लावून केले होते. आधी सगळे खरवडून काढले होते.

"कसं दिसतंय?" मागून लांब्या म्हणाला. हा कोठीतला त्यांचा हाताखालचा माणूस, चाळिशीचा, उंचीला ताडासारखा आणि स्वभावाने आनंदी. "दोन दिवस आम्ही सगळे राबलो, मास्तरीणबाई. नुसता लखलखाट!"

बाईंनी कापसाचा बोळा गालात सारला. "लाल कोणतं?"

"आता कुठलं लाल? सगळं चंदेरी केलंय."

"लाल होतं ते कोणतं?"

"डावीकडचं," लांब्या बिनदिक्कत म्हणाला. मग त्याने बाईंकडे नीट पाहिले आणि त्याचे डोळे विस्फारले. "म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

बाईंना खरोखरच माहीत नव्हते. एकोणीस वर्षे रोज पाहिलेली ती दोन तोंडे त्यांनी डोळे मिटून आठवून पाहिली. लाल दिसले, पिवळे दिसले, पण लाल कोणत्या हाताला ते काही केल्या दिसेना. त्यांनी कधी बाजू पाहिलीच नव्हती. नेहमी वाचूनच काम केले होते. जो नियम त्यांनी साऱ्या कारखान्याच्या गळी उतरवला, त्याच नियमाने त्यांना आता उघड्यावर आणून सोडले होते.

"एकोणीस वर्षं झाली आणि डावं-उजवं माहीत नाही!" लांब्याला हसू आवरेना. "सोपं आहे बाई. ज्या बाजूचा गाल सुजलाय ती उजवी."

"उंचीबरोबर डोकंही वाढलं असतं तर बरं झालं असतं तुझं. डावीकडे ॲसिड, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? पलीकडे बघा ना. डावीकडची उंच टाकी ॲसिडची, उजवीकडची बुटकी हायपोची. म्हणजे इथलं डावं तोंड डाव्या टाकीचं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?"

टाक्यांबद्दल त्याचे बरोबरच होते, त्या आकारावरून ओळखू येत. पण भिंतीपासून टाक्यांपर्यंतचे वीस पावलांचे अंतर पाइप जमिनीखालच्या चरातून कापत होते, आणि त्या चरात ते कसे गेले होते हे दोघांपैकी कोणीही पाहिलेले नव्हते. चरावर पूर्वी सुट्या फरश्या असत, कडी धरून उचलता येतील अशा. आता तिथे सिमेंटने पक्क्या बसवलेल्या नव्या, गुळगुळीत लाद्या होत्या.

"कड्या कुठे गेल्या?"

"पायात अडकतात म्हणून साहेबांनीच काढायला लावल्या. पाहुणे पडले बिडले तर?"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या न्हाणीची कडी ओढली. अंगावर काही उडाले तर ताबडतोब खाली उभे राहून धुवायची ती न्हाणी. आधी तिचे पाणी चालू आहे का ते पाहायचे, हा त्यांचा पहिला नेम. कडी हलेना. रंगाने ती जागच्या जागी चिकटून बसली होती.

"ही सोडव आधी," त्या म्हणाल्या. "आणि मी येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

पुढचा दीड तास बाईंनी सरळ मार्गाने उत्तर मिळवण्यात घालवला, आणि सरळ मार्ग किती वाकडे असतात याचा त्यांना भरपूर अनुभव आला. ॲसिड ओळखायच्या कागदी पट्ट्या त्यांनी दोन्ही तोंडांना लावून पाहिल्या. रंगाऱ्याने दोन्ही साबणाच्या पाण्याने आतून घासली होती, आणि पट्ट्यांनी दोन्हीकडे साबण असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी रंगाऱ्याला फोन लावला.

"झाकणं? हो, केली की. दोन हात दिलेत, बाई."

"आधी कोणतं लाल होतं?"

"फार जुनी झाली होती हो. पोपडे निघाले होते. आता कशी नव्यासारखी झालीत!"

"अरे बाबा, लाल कुठल्या बाजूला होतं?"

"तुम्हाला लाल पाहिजे होतं का? मग आधी सांगायचं ना. येऊन करून देतो. दोन्ही लाल करू?"

बाईंनी फोन ठेवला. त्या कचेरीत गेल्या आणि कारकुनाला पाइपांचा नकाशा काढायला लावला. तो अर्ध्या तासाने धुळीसकट सापडला. त्यात तीन टाक्या होत्या. तिसरी कधी बांधलीच गेली नव्हती, आणि पहिल्या दोन होत्या त्या अंगणाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात.

"नकाशा सुंदर आहे पण," कारकून म्हणाला.

नकाशाची गुंडाळी काखेत मारून बाई परत अंगणात आल्या, तो टँकर आलेला होता. नुसता आलेला नव्हता. जाळीचे दार सताड उघडे होते, टँकरची जाड काळी नळी डाव्या तोंडाला घट्ट बसवलेली होती, आणि टँकरवाला मागच्या कॉकवर हात ठेवून लांब्याच्या खुणेची वाट पाहत उभा होता.

"थांबा!"

कापसाचा बोळा उडून लादीवर पडला. बाईंच्या जबड्यातून कळ गेली, पण त्या धावत जाऊन नळी आणि टँकरवाला यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, फुगलेल्या गालाच्या, हातात नकाशा धरलेल्या त्या बाईकडे टँकरवाला आदराने म्हणा, भीतीने म्हणा, पाहत राहिला आणि त्याने कॉकवरचा हात काढला.

"जाळी कुणी उघडली?"

"साहेबांनी त्यांच्याकडची किल्ली दिली," लांब्या पुटपुटला. "म्हणाले, तुम्ही नकाशे वाचत बसाल. मी न्हाणी तर सोडवली ना! चालू आहे आता."

"वाचून दाखव. त्या तोंडावर काय लिहिलंय?"

"काही नाही लिहिलेलं."

"मग कशात ओततोयस?"

टँकरवाल्याने मदत करायचे ठरवले. "ताई, मी मागच्या खेपेला आलो होतो ना. मी उजवीकडे लावली होती."

"तुझी उजवी की आमची?"

"आता... टँकर असा लावला होता." त्याने हाताने वळण दाखवले, मग उलटे वळण दाखवले. "की असा?"

"बघ, हा म्हणतो उजवी, तू म्हणतोस डावी. दोघांनाही खात्री आहे. मला एकटीलाच नाही, आणि वेडी मी!"

डोक्यावरची घडीखात्याची खिडकी उघडी होती. तिथे चाळीस बायका कापडाच्या घड्या घालत बसत, आणि खिडकीला लागूनच्या टेबलापाशी बाईंची सून. हायपोच्या टाकीत ॲसिड पडले तर काय होते ते बाईंनी लांब्याला दर वर्षी समजावले होते. दोन्ही मिळून हिरवट पिवळा वायू उठतो. तो एकदम उसळला की वरच्या खिडक्यांतही शिरतो, मग हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरतो, भिंतींच्या कोपऱ्यांत साठतो, आणि माणसाची फुप्फुसे आतून जाळतो. लांब्या दर वर्षी मान डोलावत असे. पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात बाईंनी आयुष्य घालवले होते, पण आज घड्याला किल्लीही मिळाली होती.

टँकर अजून भरलेला का, हे पाहायला साहेब स्वतः आले. ते बाईंपेक्षा वयाने पंधरा वर्षांनी लहान होते, आणि आज त्यांनी नवा सदरा घातला होता.

"बाई, काय चाललंय? पावणेबारा झाले. तीनला पाहुणे. त्यांच्यासमोर फाटकात हा टँकर उभा राहणार आहे का?"

"टँकर बाहेर उभा करा साहेब. उद्या रिकामा करू."

"ताई, मला संध्याकाळी दुसरीकडे भरायला जायचंय," टँकरवाला म्हणाला.

"आणि भरल्या ॲसिडचा टँकर रस्त्यावर रात्रभर?" साहेब म्हणाले. "शेजारचे तक्रार करतील. इतकं अवघड काय आहे त्यात? थोडं पाणी सोडून बघा, कुठल्या टाकीत पडतं ते."

"ॲसिडच्या टाकीत पाणी?" बाईंचा आवाज चढला. "साहेब, पाण्यात ॲसिड घालायचं असतं, थोडं थोडं. ॲसिडात पाणी घातलं तर ते उकळून तोंडावर येतं. हे तुमच्या कचेरीच्या भिंतीवर लिहिलं होतं."

"होतं म्हणजे?"

"त्या भिंतीलाही रंग दिलात ना."

"बरं मग, झाकण काढून वास घेऊन बघतो मी," लांब्याने सुचवले.

"नाकं किती आहेत तुला?"

साहेबांनी घड्याळ पाहिले. मग ते शांतपणे बोलले, आणि त्यांचा तो शांतपणा बाईंना त्यांच्या ओरडण्यापेक्षा जास्त खुपला. "हे बघा बाई. तुमचा मान आहे. पण दोनपर्यंत टँकर रिकामा होऊन गेला नाही, तर उद्यापासून कोठीच्या किल्ल्या लांब्याकडे. तुम्ही कचेरीत बसा, आवकजावक लिहा. तुम्हालाही आराम पाहिजे आता."

ते गेले. लांब्या लादीकडे पाहत राहिला. किल्ल्या मिळणार याचा त्याला आनंद झाला असावा, पण तो दिसू नये इतका तो चांगला माणूस होता.

बाईंनी त्याच्याकडे पाहिले आणि पुढची वर्षे त्यांच्या डोळ्यांपुढून गेली: रखवालदाराच्या कपाळावरचा चष्मा, न धुतलेले पंप, "मला पाठ आहे", आणि वरची ती उघडी खिडकी. त्या कोठीत गेल्या आणि हातोडा व छिन्नी घेऊन आल्या. भिंत आणि टाक्या यांच्या बरोबर मध्ये, सगळ्यांत चकचकीत लादीवर गुडघे टेकून त्यांनी पहिला घाव घातला.

"अहो बाई!" लांब्या किंचाळला. "कालच बसवलीय ती! ओली आहे अजून!"

"ओली आहे म्हणूनच लवकर निघेल."

खिडकीत पाच-सहा डोकी जमली. दोन मिनिटांत सून खाली आली, लाजेने लाल होऊन.

"आई, अहो काय करताय हे? सगळ्या जणी बघताहेत. त्या म्हणतात, तुझ्या सासूच्या डोक्यावर परिणाम झाला."

"परिणाम दाढेवर झालाय. खिडक्या बंद करायला सांग त्यांना."

"कशासाठी?"

"कारण इथे कुठलं झाकण कशाचं, ते कुणालाच ठाऊक नाही. तुझ्यासारखंच कुणीतरी पाहुणे येणार म्हणून चिठ्ठ्या खरवडल्यात."

सून क्षणभर त्या दोन चंदेरी झाकणांकडे पाहत राहिली. घरातल्या बरण्या तिला आठवल्या असाव्यात. मग वर पाहून तिने मोठ्याने हाक दिली, "ए, खिडक्या लावा गं सगळ्या! आणि पुढच्या दाराने बाहेर जाऊन बसा!" आणि सासूच्या हातातला हातोडा ओढून घेतला. "द्या इकडे. डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय. टाके सुटले म्हणजे मलाच रात्रंदिवस खिमट करून घालावं लागेल."

"छिन्नी तिरकी धर."

"येतं मला."

"डोळ्यांवर चष्मा लाव आधी."

"आई!"

"चष्मा."

सुनेने चष्मा लावला. तिसऱ्या लादीला लांब्यालाही लाज वाटली आणि तो पहार घेऊन आला. टँकरवाला सावलीत टेकून बसला आणि सल्ले देऊ लागला. साडेबाराच्या सुमारास चौथी लादी निघाली, खालची माती बाजूला सारली गेली, आणि चरातले दोन जाड पाइप उघडे पडले.

सगळे वाकून पाहू लागले.

चराच्या मधोमध सांडपाण्याचा एक जुना नळ आडवा गेला होता. तो टाळण्यासाठी कोण्या काळच्या प्लंबराने डाव्या तोंडाचा पाइप खालून उजवीकडे नेला होता आणि उजव्याचा वरून डावीकडे. दोघे तिथे कात्रीसारखे एकमेकांवरून गेले होते. लांब्याने डाव्या पाइपवर बोट ठेवले आणि पुढच्या ओल्या लाद्या पहारीने उचकटत, मातीतून त्याचा माग काढत तो बुटक्या टाकीपाशी पोहोचला. हायपोच्या. तिथे तो उकिडवा बसला. उठला नाही.

"मी पूर्ण आवळली होती नळी," तो म्हणाला. "मास्तरीणबाई, फक्त कॉक फिरवायचा राहिला होता."

त्याला आयुष्यभर ऐकवता येईल असे काहीतरी बाईंच्या जिभेवर आले होते. पण त्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळले. शिवाय गाल फार ठणकत होता. "ऊठ," एवढेच त्या म्हणाल्या. "लाल रंग कुठे मिळतो का बघ."

लाल रंग मिळाला नाही. सुनेने पिशवीतून लिपस्टिक काढून दिली. बाईंनी उजव्या झाकणावर 'ॲसिड' असे लिहिले आणि डाव्यावर 'हायपो', आणि अक्षरे तिरकी आली म्हणून पुसून पुन्हा लिहिली.

मग काम त्यांच्या पद्धतीने सुरू झाले. लांब्याने रबरी एप्रन, कोपरापर्यंतचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा चढवला. जोडाखाली थेंब झेलायला परात ठेवली. न्हाणीची कडी ओढून पाणी पाहिले. टाकीत किती जागा आहे ते काठी घालून मोजले. टँकरवाल्याला त्याच्या कागदावरचे नाव वाचायला लावले, लांब्याला झाकणावरचे. "ॲसिड." "ॲसिड." "दोन्ही मिळून." "ॲसिड ॲसिडात." टँकरवाल्याला हे गमतीचे वाटले, पण तो हसला नाही. मग लांब्याने नळी डाव्या तोंडावरून सोडवून उजव्याला आवळली. कॉक आधी पाव फिरवून बाईंनी जोड गळत नाही हे पाहिले, मग तो पूर्ण उघडला, आणि टँकर रिकामा होईपर्यंत त्या दोघांनाही जागेवरून हलू दिले नाही. टँकरवाल्याला मध्ये चहा आठवला. तो त्यांनी त्याला तिथेच आणून दिला नाही, आणि जाऊही दिले नाही. ॲसिडापाशी खाणेपिणे नाही, आणि चालू नळी सोडून जाणेही नाही.

दोनला पाच मिनिटे असताना टँकर फाटकाबाहेर पडला.

तीनला पाहुणे आले. अंगणाच्या मधोमध फुटलेल्या लाद्यांचा ढीग होता, चर उघडा होता, आणि चंदेरी जाळीआड गुलाबी लिपस्टिकची अक्षरे होती. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. तासाभरापूर्वी त्यांनी स्वतः वाकून ती कात्री पाहिली होती. पाहुण्यांमधल्या एका वयस्क बाईंनी चराशी थांबून विचारले, "हे असं उघडं का?"

मास्तरीणबाईंनी तोंड उघडले, पण नव्या बोळ्यामुळे काहीच फुटले नाही. साहेबांनी ती संधी साधली.

"आम्ही पाइप मुद्दाम डोळ्यांसमोर ठेवणार आहोत," ते म्हणाले. "वर काच किंवा जाळी बसवायची. कुठला पाइप कुठे जातो ते माणसाला दिसलं पाहिजे, असं आमचं धोरण आहे. तोंडांची मापंसुद्धा वेगळी करतो आहोत. याच आठवड्यात."

"फार चांगलं," पाहुण्या बाई म्हणाल्या आणि वहीत लिहून घेतले.

लांब्याने बाईंकडे पाहून तोंडावर हात धरला. बाईंनी डोळे मिटून घेतले.

पाच वाजता साहेबांनी त्यांना कचेरीत बोलावले. किल्ल्यांचा विषय निघाला नाही. तो सकाळी निघाला होता, हेही साहेबांना आठवत नसल्यासारखे दिसले. बाईंनी आपला सहावा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. तो नवा लिहावा लागला नव्हता. पाचव्याची तारीख तेवढी बदलली होती. साहेबांनी पेन उचलले.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"अहो, सही करतोच आहे ना."

"मोठ्याने."

साहेबांनी एक उसासा टाकला. आज दुपारनंतर त्यांना बाईंशी वाद घालायचा नव्हता. त्यांनी कागद नीट धरला आणि शाळेतल्यासारखे वाचू लागले. "टँकरची नळी चुकीच्या टाकीला जोडली जाऊ नये, यासाठी ॲसिड आणि हायपो यांच्या भरणाची तोंडे दोन वेगवेगळ्या मापांची बसवून मिळावीत, ही विनंती." त्यांनी मान हलवली, सही करायला पेन टेकवले, आणि थांबले. त्यांना काहीतरी सुचले होते.

"बाई, एक विचारू? दोन्ही एकाच मापाची घेतली तर जरा स्वस्तात नाही का पडणार?"

बाईंनी खुर्ची ओढली, तिच्यावर बसल्या, आणि गालावर हात दाबून धरून म्हणाल्या,

"पुन्हा वाचा."